पाठवायची पाच नाणी

बेकर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया
९ जुलै १९९४

एल्डनकाका,

मी व्हर्ना. मर्लची मुलगी, तिघां भावंडांतली मधली. बाबांच्या मयताला तुम्ही आला नाहीत. ते मी मनात ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तरी आत्ता तुमच्याशी काम आहे, म्हणून सोडून दिलं असतं. फोन केला असता, पण तुम्हाला आता काही ऐकू येत नाही म्हणे. म्हणून लिहिते आहे. मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा चुका काढत बसू नका.

काम असं. भावांनी बाबांचा ट्रक आणि बंदुका नेल्या. मला मिळाला कॉफीचा डबाभर नाणी आणि तो निळा पुठ्ठ्याचा फोल्डर, ज्यात प्रत्येक वर्षासाठी एक भोक असतं आणि त्यात त्या वर्षाचं नाणं बसवतात. आधी वाटलं, मला गंडवलं. मग हिवाळ्यात बघत बसले आणि नाद लागला. तुम्ही जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत आणि नाणी गोळा केलीत. आमच्या घराण्यात या विषयातलं कळणारे तुम्ही एकटेच उरलात.

आमच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये दर मंगळवारी नाणीवाल्यांचा क्लब भरतो आणि नोव्हेंबरात त्यांचं प्रदर्शन असतं. अकरा वर्षं त्या प्रदर्शनाला कोंबडी-मक्याचं सूप मीच करते. अध्यक्ष आहे डेल्मर क्रेब्स. माझ्याच वर्गात होता, शाळेत नाकातला शेंबूड बाहीला पुसायचा, आता टाय लावतो. मे महिन्यात मी त्याला म्हटलं, “डेल्मर, यंदा मला एक टेबल दे.”

“कशाला? केक मांडायला? सफरचंदाचे की भोपळ्याचे?”

सगळे बाप्ये खिदळले.

“नाणी मांडायला.”

“व्हर्नाबाई, नाणी म्हणजे बटणं नव्हेत. बापाची पाच नाणी निवडून कॅलिफोर्नियाच्या त्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठव बघू, जी नाणं तपासून दर्जाचा नंबर देते. पाचातली तीन जरी नंबर लागून, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन आली, तर पहिल्या रांगेतलं टेबल तुझं. नाही आली, तर पुन्हा टेबलाचं नाव काढायचं नाही. सूप करायचं आणि गप बसायचं.”

“चालेल.”

“आणि कंपनीच्या फीपेक्षा स्वस्त नाणं चालणार नाही. नाहीतर तू आजचा कोरा एका सेंटचा पेनी पाठवशील.”

मी तेच करणार होते. मेल्याने ओळखलं.

तर काका, कोणती पाच पाठवू ते कळवा. लवकर. मी माझ्याकडून तयारी केली आहे. डब्यातली सगळी बेकिंग सोडा लावून घासली, आरशासारखी झाली आहेत. आता फोल्डरमधली काढून घासते.

व्हर्ना


टूसॉन, ॲरिझोना
१५ जुलै १९९४

व्हर्ना,

थांब. हातातलं फडकं खाली ठेव. हे पत्र वाचून होईपर्यंत एकाही नाण्याला हात लावू नकोस.

बेकिंग सोडा! पोरी, तू काय नाण्यांची शिकार केलीस? शंभर वर्षांत नाण्यावर जो रंग चढतो ती त्याची कातडी असते. तू ती सोलून काढलीस. ग्रेडिंगवाले भिंगाखाली धरतात आणि घासल्याचे ओरखडे त्यांना लगेच दिसतात. असलं नाणं ते डबीत घालत नाहीत, नंबर देत नाहीत. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत घालून कारण लिहून परत धाडतात. आम्ही लोक त्या पिशवीला बॉडी बॅग म्हणतो. नाणं मेलं, मढं घरी आलं. फी मात्र पूर्ण घेतात.

डबा विसर. तो गेला. फोल्डरमधली आणि इतर कुठे ठेवलेली, जी तुझ्या तावडीतून सुटली असतील, ती मला लिहून कळव. साल कळव, आणि सालाजवळ किंवा मागच्या बाजूला एखादं बारीक अक्षर आहे का ते बघ. कोणत्या टांकसाळीत पाडलं ते त्या अक्षरावरून कळतं. त्या एका अक्षराने किंमत शंभरपट होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीनच गोष्टी सांगतो. फीच्या तीन-चारपट तरी किंमत असेल तेच नाणं पाठवायचं. चकाकतं म्हणून पाठवायचं नाही, चकाकणारं बहुतेक वेळा कुणीतरी मारलेलं असतं. आणि ज्या नाण्याची नक्कल लोक फार करतात ते असेल तर आधी तेच पाठवायचं, कारण खरं असल्याचा दाखला नसेल तर असलं नाणं कुणी घेत नाही.

मयताचं माझ्या मनातून गेलेलं नाही.

तुझा काका,
एल्डन


बेकर्स गॅप
२५ जुलै १९९४

एल्डनकाका,

त्रेसष्ट मारली. मोजली. माझ्या आईने मला घाण दिसली की घासायला शिकवलं, त्याला मी काय करू. तुमचा विषयच उलटा. जे काळं ते चांगलं आणि जे स्वच्छ ते मढं. डुकराच्या गोठ्यात वाढलेल्या माणसांनी काढलेला दिसतो.

सहा सुटली. कार्सन सिटीचा डॉलर आहे १८७८ सालचा, मागे ‘सीसी’ आहे. हा बाबांच्या मोज्यांच्या खणात होता. १९३१ चा पेनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एस’चा, अजून तांबूस. १९३२ चं पाव डॉलरचं, डेन्व्हरच्या ‘डी’चं. १९२१ चं अर्ध्या डॉलरचं, तेही डेन्व्हरचंच, पण त्यावरची चालणारी बाई इतकी पुसट झाली आहे की तिला चालताना ठेच लागेल. अडीच डॉलरचं सोन्याचं नाणं, ते आईच्या कोटाला लावायच्या पिनेत होतं, पीन बाबांनी कधीच काढून टाकली. आणि सहावं फोल्डरमधलं. १९१६ चं दहा सेंटचं, मागे काठ्यांच्या जुडीपाशी बारीक ‘डी’.

हे शेवटचं तुम्हाला माहीत असेलच. आमच्या घरी येशूच्या तसबिरीनंतर त्याचाच मान होता. पाहुणे आले की बाबा फोल्डर उघडायचे आणि म्हणायचे, “पूर्ण आहे. एकही भोक रिकामं नाही.” आई म्हणायची, ते विका आणि घरात संडास बांधा, बर्फात मागच्या अंगणात जाऊन माझे गुडघे गेले. बाबा ऐकायचे नाहीत. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा कुठे संडास आला. आई मरेपर्यंत त्यांना कंजूष म्हणायची. मीही म्हणायचे.

पुस्तकात बघितलं, या ‘डी’वाल्याची किंमत बाकी पाचांच्या बेरजेहून जास्त आहे. तुमचे तिन्ही नियम त्याला लागू होतात. तेव्हा ते पहिलं, बरोबर? उरलेल्या पाचांतली चार सांगा.

व्हर्ना


टूसॉन
३ ऑगस्ट १९९४

व्हर्ना,

नीट वाच.

डॉलर पाठव. पेनी पाठव. अर्ध्या डॉलरच्या बाईला नावं ठेवू नकोस, ती पुसट असली तरी तिला कुणी हात लावलेला नाही, आणि १९२१ दुर्मीळ आहे. ती नक्की डबीत बसून येईल. पाव डॉलरचं पाठव, पण ते मर्ल रुमालाने पुसायचा असं मला आठवतं, म्हणून त्याचा भरवसा नाही. सोन्याच्या नाण्याची कड बघ, पीन काढताना कुठे डाग राहिला असेल. पाचवं म्हणून तेच पाठव, दुसरं आहे काय.

दहा सेंटचं पाठवू नकोस. फार झिजलं आहे. फी वाया जाईल. ते फोल्डरमध्ये आहे तिथे राहू दे. मर्लची आठवण म्हणून ठेव.

इथे उन्हाने लोक भाजून निघतात. जेवणात रोज काहीतरी तिखट असतं. कोबीचं लोणचं आणि डुकराचं मांस शेवटचं कधी खाल्लं आठवत नाही.

काका


बेकर्स गॅप
१९ ऑगस्ट १९९४

एल्डनकाका,

मी शिकलेली नाही, पण चेहरा वाचता येतो आणि पत्रातूनही वाचता येतो. तीन नियम तुम्हीच लिहिलेत, पत्र माझ्यासमोर आहे, कॉफी सांडली आहे तरी वाचता येतं. नक्कल फार होते असं असेल तर आधी तेच पाठवायचं. आणि आता तेच पाठवू नकोस? झिजलं आहे म्हणता. मी झिजल्याचं लिहिलंच नव्हतं. खरं तर ती अर्ध्या डॉलरची बाई जास्त झिजली आहे आणि तिला तुम्ही डोक्यावर घेता.

मला वाटतं तुमचा त्या नाण्यावर डोळा आहे. तुम्हाला मूल नाही बाळ नाही, तुम्हाला वाटत असेल की व्हर्ना म्हातारी झाली की देईल एखाद्या ख्रिसमसला. सरळ मागितलं असतंत तर विचार केला असता.

काल पाच नाणी विमा काढून पाठवली. डॉलर, पेनी, पाव डॉलर, सोन्याचं आणि बाबांचं दहा सेंटचं. बाई घरी ठेवली. पोस्टातला मुलगा म्हणाला, “मावशी, आत काय, दागिने?” मी म्हटलं, “माझं टेबल.”

तिन्ही नियमांबद्दल आभार. शेवटच्या सल्ल्याबद्दल नाही.

व्हर्ना


बेकर्स गॅप
२४ ऑक्टोबर १९९४

एल्डनकाका,

दोन महिने तुम्ही लिहिलं नाही. आता का ते कळलं.

पार्सल मंगळवारी आलं. मी मूर्खासारखं क्लबात सगळ्यांसमोर फोडायचं ठरवलं होतं. डेल्मरने स्वतः कात्री दिली. डॉलर, कडक डबी, सत्तरपैकी नंबर तीस. लोक “ओहो” म्हणाले. पेनी, कडक डबी, नंबर त्रेसष्ट. डेल्मरचा टाय घट्ट झाला. आता एकच हवं होतं. पाव डॉलर निघालं मऊ पिशवीतून, ‘घासलेलं’. बाबांचा रुमाल. सोन्याचं निघालं मऊ पिशवीतून, ‘कडेला डाग, दागिन्यातलं’. आणि शेवटचं बाबांचं.

मऊ पिशवी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘टांकसाळीचं अक्षर बनावट, नंतर बसवलेलं.’

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, तेच वाईट होतं. डेल्मरने पिशवी उजेडात धरली आणि म्हणाला, “व्हर्ना, तुझ्या बापाला कुणीतरी छान टोपी घातली.” मग मी खिशातली ती अर्ध्या डॉलरची बाई काढून त्याला दाखवली. त्याने भिंग लावलं आणि म्हणाला, “अगं, ही पाठवली असतीस तर टेबल तुझं होतं.”

एका नाण्याने हरले. तुम्ही सांगितलं होतं तेच केलं असतं तर जिंकले असते. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कसं माहीत होतं? तुम्हीच विकलंत ना ते बाबांना? भावाला? त्या खोट्या दिडकीसाठी माझी आई बर्फातून अंगणात जात राहिली आणि बाबा ते जपत बसले?

खरं लिहा. टेबल गेलंच आहे, निदान खरं तरी मिळू दे. आणि जर विकलं असेल तर पुन्हा मला लिहू नका.

व्हर्ना


टूसॉन
१ नोव्हेंबर १९९४

व्हर्ना,

विकलं नाही. केलं.

१९५७ सालची गोष्ट. मर्लच्या फोल्डरमध्ये एकच भोक रिकामं राहिलं होतं. १९१६ डेन्व्हर. बारा वर्षं त्याने ते शोधलं. कुणाला फोल्डर दाखवताना तो त्या भोकावर अंगठा ठेवायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, अंगठा ठेवून सगळी पानं उलटवायचा. नाणी गोळा न करणाऱ्या माणसाला हे सांगून कळत नाही. तुला आता कळेल.

एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, “एल्डन, तू बाईच्या मनगटावरच्या घड्याळात केसाएवढं चाक बसवतोस. एक अक्षर बसवता येत नाही?”

मी म्हटलं, “तुला वेड लागलंय. खोटं असेल ते.”

“मला माहीत असेल ना खोटं आहे. मला विकायचं नाही. मला फक्त अंगठा उचलायचा आहे.”

नंतरच्या सालच्या एका डेन्व्हरच्या नाण्यावरून मी ‘डी’ कापून घेतला, तो पाठीमागून कागदाइतका पातळ केला आणि अक्षर नसलेल्या साध्या १९१६ वर बसवला. चार रविवार लागले. मोबदल्यात त्याने एक हॅम दिली, घरची धुरवलेली डुकराची तंगडी.

घोटाळा पुढे झाला. तो पाहुण्यांसमोर ‘पूर्ण आहे’ म्हणायला लागला आणि तुझ्या आईने ऐकलं. मग संडासाचं निघालं. आता खरं सांगावं तर बायकोसमोर पोकळ ठरतो, विकावं तर समोरच्याला लुबाडतो. विकायचं त्याच्या मनात कधीच आलं नाही. मग दोन्ही टाळायला त्याच्याकडे एकच वाट उरली. तो कंजूष झाला. पस्तीस वर्षं त्याने ते नाव सोसलं. तुझ्या बापाला कुणी टोपी घातली नाही, पोरी. त्याने स्वतः मापाची शिवून घेतली.

मयताला आलो नाही, कारण तुम्हा तिघांपैकी कुणीतरी फोल्डर पुढे करणार होतं, “काका, याची किंमत किती?” आणि शवपेटीशेजारी उभं राहून मला एकतर त्याला उघडं पाडावं लागलं असतं, नाहीतर तुम्हाला फसवावं लागलं असतं. तुला ‘झिजलं आहे’ लिहिलं तेही त्याचसाठी. तेवढंच खोटं सुचलं. तुझं टेबल माझ्यामुळे गेलं. सरळ लिहिलं असतं तर तू बाईला पाठवलं असतंस.

माझ्याकडे पत्रं फक्त तुझी येतात, आणि विजेच्या कंपनीची. तेव्हा लिहायचं की नाही ते तू ठरव. एकच मागणं आहे. गावात हे कुणाला सांगू नकोस. मर्लचं नाव तिथे अजून आहे.

एल्डन


बेकर्स गॅप
१५ नोव्हेंबर १९९४

एल्डनकाका,

सांगितलं. सगळ्यांना.

रागावण्याआधी पुढचं वाचा. तुमचं पत्र आलं तेव्हा मी प्रदर्शनासाठी कोंबड्या चिरत होते. वाचलं, हात धुतले, पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसून बाबांना दोन-चार चांगल्या शिव्या घातल्या. एवढासा संडास! खरं सांगितलं असतं तर आई आठ दिवस बोलली नसती, मग हसली असती. तिला हसायला आवडायचं. त्यांना ते माहीत नव्हतं का? आणि मग मला तो अंगठा दिसायला लागला आणि शिव्या संपल्या.

पैज म्हणजे पैज, म्हणून रविवारी सूप केलं. टेबलाचं नाव काढलं नाही. पण स्वयंपाकघराची जी खिडकी आहे, जिथून आम्ही वाट्या देतो, तिच्या कट्ट्यावर मी ते नाणं त्याच्या बॉडी बॅगेसकट ठेवलं. शेजारी पुठ्ठा लावला, मोठ्या अक्षरांत: ‘१९१६. डी खोटा आहे. तो माझ्या काकांनी बसवला. माझ्या बाबांनी सांगून बसवून घेतला, कारण त्यांना रिकामं भोक बघवत नव्हतं.’ बाबांचं नाव जाईल म्हणता ना? लोकांना वाटत होतं त्यांना कुणीतरी फसवलं. ते मला खपणारं नव्हतं. मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा लबाड बरा.

पहिला आला हार्वी उमहोल्ट्झ, वय शहाऐंशी. सूप घ्यायला आला आणि सूप विसरला. खिशातून भिंग काढलं आणि वाकला तो वाकलाच. मागे रांग लागली. कुणी म्हणालं, “हार्वी, मेलास का?” तो म्हणाला, “गप रे. मी सत्तर वर्षांत इतकं सफाईदार काम पाहिलं नाही.” मग सरळ झाला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “व्हर्ना, माझ्याही फोल्डरात ते एक भोक आहे. तुझा काका अजून काम घेतो का?”

मी म्हटलं, “हॅम लागेल.”

तासाभरात पहिल्या रांगेतली टेबलं ओस पडली. सगळे माझ्या खिडकीशी. एकाने पाकिटातून त्याची बॉडी बॅग काढली, मग दुसऱ्याने. म्हणजे प्रत्येकाकडे होतीच. घासलेली, डागलेली, भोक बुजवलेली. वर्षानुवर्षं खिशात घेऊन हिंडत होते आणि एकमेकांना दाखवत नव्हते. एकाचं मढं तर दातांच्या पेस्टने घासलेलं होतं. मला जरा बरं वाटलं.

शेवटी डेल्मर आला. “व्हर्ना, रांग अडली आहे. हे सगळं टेबलावर घे.”

“कुठल्या टेबलावर? मी पैज हरले. टेबलाचं नाव काढायचं नाही असं ठरलंय.”

“तू नको काढूस. मी काढतो.” आणि त्याने स्वतःचं टेबल रिकामं केलं, पहिल्या रांगेतलं, आणि ओढत आणलं. फरशीवर काय आवाज झाला!

“मग सूप कोण वाढणार?” मी विचारलं.

त्याने टाय शर्टात खोचला आणि माझा एप्रन बांधला. फोटो काढायला हवा होता.

साडेतीनपर्यंत मी त्या टेबलामागे बसले. लोक विचारत होते आणि मी सांगत होते. शेवटच्या तासाला डेल्मरने मला वाटीभर सूप आणून दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ते बसून खाल्लं. काका, त्यात मीठ कमी असतं. एवढी वर्षं मेल्यांपैकी एकही बोलला नाही.

उत्तर पाठवा.

व्हर्ना